अंगावरून वारे गेले

आमच्या शिरूर-दौंडच्या बाजूला कुणाची एक बाजू अकस्मात लुळी पडली, तर नव्या पिढीचा माणूस 'पॅरालिसिस झाला' म्हणतो, बाजाराच्या गावचा माणूस 'लकवा मारला' म्हणतो आणि ओट्यावर बसलेली जुनी मंडळी मान हलवून म्हणतात, 'अंगावरनं वारं गेलं.' तिन्ही माणसे एकाच दुखण्याविषयी बोलत असतात. परंतु तिघांच्या डोळ्यांपुढचे चित्र मात्र एक नसते. या सदरात एखादा शब्द हाती घेऊन त्याची नाडी पाहण्याची आपली रीत आहे. दिवाळीच्या अंकात खरे म्हणजे 'फराळ' किंवा 'ओवाळणी' असा गोड शब्द घ्यावा. यंदा हा कडू शब्द घेतला, तो एवढ्यासाठी की दिवाळीत आपण शहरातली माणसे गावाकडे जातो, किंवा गावाकडची वडील माणसे आपल्याकडे येतात. आणि या शब्दाची गाठ नेमकी त्यांच्याशी आहे.

शब्दांची कुळी पाहिली तर मोठी मौज आहे. 'लकवा' हा अरबीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच. आपण तो साऱ्या अंगाला लावला. 'पक्षाघात' संस्कृतातला. पक्ष म्हणजे बाजू आणि पंखही, त्यामुळे हा शब्द ऐकला की मला एक पंख मोडलेले पाखरू दिसते. 'अर्धांगवायू' मात्र सरळ वायूचे नाव सांगतो, कारण आयुर्वेदाने हे दुखणे वातव्याधीत घातले. तिकडे ग्रीकांनीही त्याला 'फटका बसून कोसळणे' या अर्थाचाच शब्द दिला होता आणि इंग्रजी 'स्ट्रोक' म्हणजेही फटकाच. फटका कुणी मारला? कुणी म्हणाले देवाने, कुणी म्हणाले वाऱ्याने. माणसाला जे दिसले नाही त्याला त्याने वारा म्हटले; यात आपल्या पूर्वजांना हसण्यासारखे काही नाही. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा रोग्यांचे मेंदू मृत्यूनंतर उघडून पाहिले आणि लिहून ठेवले की यात रक्तस्राव झालेला असतो किंवा रक्तवाहिनी तुंबलेली असते. तेव्हा वारा गेला आणि रक्त आले.

म्हणजे पुस्तकात आले. ओट्यावर अजून वाराच आहे, आणि इथे गंमत संपते. कारण शब्दाच्या मागोमाग माणूस चालतो. वारे अंगावरून गेले असे एकदा ठरले, की पुढचे सारे त्या ठरण्याला धरून होते. वाऱ्यापासून जपायला दारे-खिडक्या लावतात, अंगावर घोंगडी घालतात, तेल कढवून चोळतात. कुणी पारव्याचे रक्त चोळायला सांगतो. कुणी चाळीस कोसांवरच्या, अमक्या वारी औषध देणाऱ्या माणसाचे नाव घेतो. एकाही माणसाची दानत वाईट नसते. सगळा गाव मदतीला धावलेला असतो. फक्त त्या वेळात बिछान्यावरच्या माणसाच्या मेंदूचा एक एक दाणा विझत असतो. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे, की मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली तर उपचारावाचून दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. चहा ठेवून, पाहुण्यांना विचारून, 'उजाडल्यावर बघू' म्हणून किती मिनिटे जातात, ते आपण सारे जाणतो.

शब्दाने फसण्याचे काम खेड्यातल्याच माणसाने केले असे मात्र कुणी समजू नये. रक्तदाबाला डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'इसेन्शियल हायपरटेन्शन' हे नाव दिले. म्हणायचे एवढेच होते, की या वाढलेल्या दाबाचे वेगळे कारण सापडत नाही. पण 'इसेन्शियल' म्हणजे 'आवश्यक' असाही अर्थ होतो, आणि अनेक मोठमोठ्या डॉक्टरांनी तो तसाच धरला. वय वाढले, नळ्या कडक झाल्या, आता त्यांतून रक्त ढकलायला दाब वाढणे आवश्यकच आहे, त्याला हात लावू नये, असा समज कित्येक वर्षे चालला. या समजाखाली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वावरत होते. महायुद्धाचा भार वाहणाऱ्या या माणसाचा दाब वर्षानुवर्षे चढत गेला. तो उतरवण्याचे खात्रीचे औषधही तेव्हा नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, चित्रकार त्यांचे चित्र काढीत असताना 'डोके फार दुखते आहे' म्हणून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला दाब ३०० वर १९० होता. जगातला बलाढ्य माणूस, भोवती डॉक्टरांचा ताफा, आणि तरी हे झाले. आज दौंडच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी स्वस्त गोळी तेव्हा व्हाईट हाऊसला मिळाली नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

रूझवेल्ट गेल्यावर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात एक विलक्षण काम सुरू झाले. गावातल्या ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांना निवडले, त्यांचा दाब, रक्त, वजन, विडी-काडी सारे लिहून घेतले आणि मग वाट पाहिली. कोण आजारी पडतो, कोण पडत नाही, हे वर्षामागून वर्षे टिपले. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही त्या वहीत आली. याच कामातून १९६१ च्या सुमारास एक शब्द जगभर गेला, 'रिस्क फॅक्टर'. आपण त्याला 'जोखीम घटक' म्हणतो. हा शब्द मला चांगला वाटतो, कारण 'जोखीम' आपल्या पेठेतला, सावकारीतला आहे. जुन्या व्यापाऱ्यांत 'जोखमी हुंडी' नावाची हुंडी असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत माल बुडाला तर हुंडी बुडाली. व्यापारी तारू बुडेल की तरेल हे सांगू शकत नसे. पण कुठल्या महिन्यात समुद्र खवळतो, कुठले तारू जुने झाले आहे, हे त्याला पक्के ठाऊक असे. जोखीम म्हणजे नशीब नव्हे आणि शापही नव्हे. मोजता येते ती जोखीम.

मौज अशी की असले एक फ्रॅमिंगहॅम आपल्या अंगणातही आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीसाठी ठाऊक आहे. त्याच परिसरात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यामागे डॉ. बानू कोयाजी होत्या, ज्यांना पुढे १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच बायाबापड्यांना शिकवून त्यांच्याकडून गावाचे आरोग्य राखावे, ही त्यांची दृष्टी. २००२ पासून तर शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची जन्म, मृत्यू, ये-जा यांची वही तिथे सतत लिहिली जाते. कुणाच्या घरी पाळणा हलला, कोण कशाने गेला, हे घरोघर जाऊन विचारणारी माणसे आहेत. पूर्वी आपल्याकडे असली वही फक्त गंगेकाठचे पंडे ठेवीत.

त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांपासून आरंभ केला. त्यांच्या पोटी आलेल्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते साडेतीन किलो. इथवर नवल नव्हते. नवल पुढे होते. आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, मुळीच तितकी कमी नव्हती. बाहेरून रोडके, आतून मेदाळ. हेच मोठ्या वयातही दिसते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी आपले दोघांचे जोडचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३; पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१. 'मी तर सडपातळ, मला कसला मधुमेह?' या आपल्या लाडक्या वाक्याला या चित्राने उत्तर दिले. वजनाचा काटा आपल्या लोकांशी पुरता खरे बोलत नाही. शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० याच्या पुढे गेली की आपल्याकडे जोखीम वाढते, असे धरतात.

यावरून एक विचार मनात येतो. १९७२ च्या दुष्काळात शिरूर-दौंडच्या माळरानावर बायका खडी फोडीत होत्या. त्यांतल्या काहींच्या पोटात बाळे होती. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या वेळी गर्भावस्थेच्या पहिल्या महिन्यांत असलेल्या बाळांना पुढे पन्नाशीत हृदयविकार अधिक झाला, असे तिथल्या डॉक्टरांना आढळले. आपल्या दुष्काळातली बाळे आज पन्नाशीच्या पुढे आहेत. तेव्हा पाणी नव्हते. आता घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस डोलतो आहे, मोट जाऊन बटण आले, बैलगाडी जाऊन मोटारसायकल आली, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. उपासाला घडवलेले शरीर आता सुबत्तेत आणि बैठ्या कामात पडले. सुबत्तेविरुद्ध माझी तक्रार मुळीच नाही, त्या खडी फोडणाऱ्या आयांनी हेच मागितले होते. पण दुष्काळाच्या काळात बांधलेल्या घराला पुराचे पाणी लागावे, तसे हे झाले आहे.

आता जोखमीची यादी. जगातल्या अनेक देशांतील हजारो रोग्यांवरून केलेल्या पाहण्यांनी सांगितले, की अर्धांगाच्या दहातील नऊ झटक्यांच्या मुळाशी दहाच गोष्टी असतात. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, पोटावरची चरबी, रक्तातील स्निग्धांशाचा बिघाड, वाईट आहार, व्यायामाचा अभाव, दारू, मनाचा ताण आणि हृदयाचे आधीचे दुखणे. हृदयविकाराची यादीही जवळजवळ हीच. त्यांत रक्तदाब हा पाटील, बाकीचे कुळकर्णी. शिवाय दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका इतर जगाच्या मानाने सहाएक वर्षे आधी येतो, सरासरी ५३ व्या वर्षी. म्हणजे मुलगी लग्नाची, मुलगा कॉलेजात आणि घराचे हप्ते अर्धे राहिलेले, अशा वेळी.

यादीतल्या दोन गोष्टींवर आपल्या घराच्या दृष्टीने चार शब्द अधिक बोलतो. पहिली तंबाखू. 'आमच्या घरात कुणी विडी ओढत नाही' असे म्हणणाऱ्या घरात गावाकडची आजी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते, हे आपण विसरतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिला दात घासण्याचे नाव दिले म्हणून ती दंतमंजन होत नाही. दुसरी गोष्ट मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. ते भाजीत दिसते, पण खरे लपलेले असते लोणच्यात, पापडात, खर्ड्यात आणि सध्या डब्यांत भरून ठेवलेल्या चिवडा-शेव-चकलीत. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी चौथाई पोटॅशियम असलेले मीठ दिले. २०२१ साली निकाल आला. त्या गावांत अर्धांगाचे झटके १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्याने हे मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, एवढे पथ्य. बाकी चकली सोडा असे सांगणारा मी कोण? दोन खा, आणि ताटातल्या मिठाची जागा तेवढी मोकळी ठेवा.

रक्तदाबाची गोष्ट निराळी, कारण तो दुखत नाही. दुखत नाही ते दुखणे नाही, हे आपले जुने गणित. म्हणून गोळी चालू होते, दोन महिन्यांनी दाब उतरतो, 'आता बरे आहे' म्हणून गोळी बंद होते आणि तो पुन्हा गुपचूप चढतो. छत्री उघडल्यावर डोके भिजत नाही, म्हणून भर पावसात छत्री मिटण्यातलाच हा प्रकार. वरचा आकडा १० ने उतरवला तर अर्धांगाचा संभव चौथा हिस्सा कमी होतो, असे लाखो रोग्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. एवढा मोठा फायदा इतक्या स्वस्तात देणारी दुसरी वस्तू बाजारात मला तरी ठाऊक नाही.

आणि हे शहरी सुखवस्तूंचे दुखणे आहे, ही समजूत तर सोडूनच दिली पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद घेतली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की तिथे दर सात मृत्यूंमागे एक अर्धांगाच्या झटक्याचा. मरणाचे पहिले कारण तेच. बहुतेक माणसे घरीच गेली, जवळजवळ निम्मी झटक्यानंतर पहिल्याच महिन्यात. जंगलातल्या कष्टकरी माणसांची ही कथा.

आता वेळेचा हिशेब. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध १९९५ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा तीन तासांची मुदत होती, २००८ पासून साडेचार तासांपर्यंत देता येते. मोठी गुठळी तारेने ओढून काढण्याची विद्या २०१५ नंतर मान्य झाली. तिला काही रोग्यांत अधिक मुदत मिळते. परंतु औषध देण्याआधी सीटी स्कॅन केलाच पाहिजे. काही झटक्यांत नळी तुंबलेली नसते, फुटलेली असते. त्याला गुठळीचे औषध दिले तर आगीत तेल. हा फरक कितीही मोठ्या डॉक्टरला बाहेरून बघून कळत नाही. म्हणूनच घरी 'रक्त पातळ करणारी' गोळी देऊ नये, आणि दाब झटपट उतरवायला जिभेखालीही काही ठेवू नये. पाणी, चहा, दूध काही पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असली तर ते फुफ्फुसात जाते.

साडेचार तास म्हणजे पुष्कळ वाटतात. शिरूर पुण्यापासून सत्तरएक किलोमीटर, दौंड त्याहून थोडे पुढे. पण मोजणी गाडीत बसल्यापासून होत नाही. माणूस शेवटचा धड कधी दिसला तिथून होते. पहाटे झोपेतच झटका आला तर घड्याळ रात्री निजताना सुरू झालेले असते. मग वस्तीवरून डांबरीपर्यंत, डांबरीवरून तालुक्यापर्यंत, आणि नगर रस्त्याने (आता अहिल्यानगर रस्ता म्हणायचे) शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी फोडून शहरापर्यंत. स्कॅन आणि औषध जवळ कुठे मिळते, हे संकट येण्याआधी विचारून ठेवावे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. शेजाऱ्याची जीप मिळेपर्यंत तिला फोन करावा, आणि करताना 'चक्कर आली' असे मोघम न सांगता 'तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोबडे बोलतात' असे नीट सांगावे. तोंड, हात, बोली आणि वेळ, एवढे चार शब्द घरातल्या पाचवीच्या पोरालाही पाठ करता येतील.

माझ्या माहितीतल्या दोन घरांची हकीकत सांगतो. दौंडकडचे एक निवृत्त शिक्षक, गावचे गुरुजी, सकाळी उठले ते तोंडातून पाणी गळत. घर भरून माणसे जमली. दोन मते झाली, मग तीन. तेल झाले, औषध देणाऱ्याकडे जाऊन येणे झाले, आणि शहरात पोहोचायला संध्याकाळ झाली. दुसरी हकीकत शिरूरजवळच्या एका वस्तीवरच्या बाईंची. भाकरी थापताना हातातून पीठ पडले, बोलणे अडखळले. मुलगा कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे शिकला होता. त्याने चुलत्यांचे 'जरा थांब' ऐकले नाही. अडीच तासांत त्या स्कॅनच्या टेबलावर होत्या. आज त्या काठीवाचून चालतात, डाव्या हाताची मूठ मात्र अजून पुरती वळत नाही. वेळेवर पोहोचलेला प्रत्येक जण बरा होतो असे नाही. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या शंभरांत बारा-तेरा जण असे, जे एरवी पांगळे राहिले असते ते जवळपास पूर्ण सावरतात. आकडा लहान वाटेल. पण त्या बारा-तेरांत आपली आई असेल तर तो शंभर टक्के असतो.

गुरुजींचे पुढे काय झाले, ते मला भाषेचा माणूस म्हणून विसरता येत नाही. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर बोली गेली. १८६१ साली ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने एका रोग्याची नोंद केली होती. त्याला सारे समजे, पण तोंडातून फक्त 'तान' एवढाच उच्चार निघे. त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात ब्रोकाला जखम सापडली. वाचेचे घर तिथे आहे, हे तेव्हा कळले. गुरुजींचे घरही तिथेच मोडले. चाळीस वर्षे ज्यांनी मुलांना शब्द दिले, त्यांना 'पाणी' म्हणता येईना. बायकोकडे बघून ओठ हलत, नाव येत नसे. आणि एके दिवशी शेजारी हरिपाठ सुरू झाला, तेव्हा गुरुजींच्या तोंडून अख्खी ओळ सुरात बाहेर पडली. घरच्यांना चमत्कार वाटला. पाठ झालेले, सुरात बांधलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेले असतात, म्हणून ते कित्येकदा वाचतात. वाचोपचार करणारे लोक याच वाटेचा उपयोग करून घेतात. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीनेक महिन्यांत मिळतो. नेमका तेव्हाच 'आता विश्रांती घेऊ द्या' म्हणून व्यायाम थांबवणे, हे प्रेम महाग पडते.

गुरुजींच्या पत्नी पासष्टीच्या. कूस बदलायची, भरवायचे, दोन्ही वेळा व्यायाम द्यायचा, आणि रात्री ते मुके रडू लागले की उशाशी बसायचे. 'अर्धांगिनी' हा शब्द आम्ही वर्गात समास सोडवायला घेतो. अर्धे अंग गेल्यावर उरलेल्या अर्ध्याने काय उचलायचे असते, हे त्या घरात पाहिल्यापासून मला तो समास पूर्वीसारखा सोडवता येत नाही. झटक्यानंतर रोग्याला येणारी उदासी हाही त्या दुखण्याचाच भाग आहे आणि तिच्यावर औषध आहे, एवढे जरी त्या माउलीला पहिल्या महिन्यात कुणी सांगितले असते, तरी तिच्या जिवाला केवढा आधार झाला असता.

एक धोक्याची घंटा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. कधी कधी तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. 'आले तसे गेले' म्हणून घरात पेढे वाटतात. अशांतल्या दहातील एकाला तीन महिन्यांत खरा झटका येतो, आणि त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत, असे जुन्या पाहणीत दिसले आहे. वारे परत फिरले, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हृदयाच्या झटक्याला आपल्याकडे वारा भेटला तो 'गॅस' या नावाने. छाती भरून आली, घाम फुटला, डावा हात दुखला, की सोडा आणि ओवा आधी आठवतो. यातही आपण एकटे नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना गोल्फ खेळताना पोटात जळजळले. दुपारी खाल्लेल्या कांद्यावर त्यांनी खापर फोडले आणि रात्रीच्या दुखण्यालाही प्रथम अपचनच म्हटले गेले; हृदयाचा आलेख निघायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. त्यांचे नशीब थोर, ते वाचले आणि पुढच्या वर्षी निवडणूकही जिंकले. त्यांच्या उपचाराला गेलेले डॉ. पॉल व्हाईट यांनी पत्रकारांपुढे बसून सगळ्या देशाला हृदयविकार समजावून सांगितला आणि चालण्याचे महत्त्व पटवले. याच व्हाईट यांनी १९३१ साली वाढलेल्या दाबाला कदाचित हात लावू नये असे लिहिले होते. ज्ञान पुढे गेले, तसे तेही पुढे गेले. आपण ओवा घेऊ नये असे नाही. पण घाम फुटला असेल, धाप लागली असेल, तर ओवा आणि आलेख यांत आधी आलेख. स्त्रियांत आणि मधुमेहींत छाती न दुखताही झटका येतो, नुसती धाप किंवा गळाठा; आणि घरातली बाई 'काही नाही, दगदग झाली' म्हणून कामाला लागते. तिचे ते म्हणणे त्या दिवशी मानू नये.

वाचकहो, दिवाळीत आपण वडील माणसांना काय देतो? सदरा, लुगडे, मिठाई. यंदा त्याबरोबर दंडाला बांधायचे दाब मोजण्याचे यंत्र न्यावे. पाच मिनिटे बसवून, बोलणे थांबवून, दोनदा मोजावे आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. १४० वर ९० च्या पुढे दोन-तीनदा दिसला तर डॉक्टरांकडे न्यावे. एकदा मोजून घाबरू नये, आणि एकदा बरोबर आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. भाऊबीजेला बहिणीने भावाकडून ओवाळणीत तंबाखूची डबी मागून घ्यावी, आणि भावाने बहिणीची मशेरीची. फोनशेजारच्या भिंतीवर १०८ हा आकडा आणि ते चार शब्द ठळक लिहावेत.

'अंगावरून वारे गेले' हा वाक्प्रचार कोशातून काढून टाका असे मी, मराठी शिकवणारा माणूस, सांगणार नाही. त्यात आपल्या लोकांची शेकडो वर्षांची भीती साठली आहे. त्याने कोशात सुखाने नांदावे. ओट्यावर तो कानी पडला, की आपण मात्र आधी घड्याळ पाहावे आणि मग फोन उचलावा. तेल नंतरही कढवता येते.